काट्यावरचं वजन आणि हँडलवर जाणवणारं वजन: टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा हिशोब

आपल्या जुन्या आरएक्स 100 चं वजन 103 किलो. यामाहाच्या वायझेड 250 चं, म्हणजे निव्वळ मोटोक्रॉससाठी, मातीच्या ट्रॅकवरच्या उड्यांच्या शर्यतींसाठी, बनलेल्या टू-स्ट्रोकचं, टाकी फुल्ल करून वजन तेवढंच, 103 किलो. आरएक्सची ताकद 11 पीएस, वायझेडची त्याच्या चौपट तरी. आरएक्सवर कुणाचेही पाय आरामात टेकतात. वायझेडची सीट जमिनीपासून जवळजवळ मीटरभर वर, सव्वापाच फुटी माणसाला एक पाय चवड्यावर ठेवून तोल सांभाळावा लागतो. तरी मातीत फिरवून आणल्यावर जो तो वायझेडलाच 'हलकी' म्हणतो, आणि तीच आरएक्स खडकाळ पायवाटेवर घातली की अर्ध्या तासात हात भरून येतात.

यात शॉकअपचा आणि टायरचा वाटा मोठा आहे, मान्य. पण उरलेला गोंधळ वजनाचाच आहे. काट्यावर दिसणारं वजन आणि गाडी वळवताना, उडवताना, आवरताना अंगावर येणारं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बोलताना त्यांची सरमिसळ करतो आणि पैसे मात्र बहुतेक वेळा पहिल्यावरच घालतो.

आधी काट्याचाच एक घोळ मिटवू. केटीएमसारख्या युरोपीय कंपन्या वजन पेट्रोलशिवाय सांगतात, जपानी कंपन्या हल्ली टाकी भरून सांगतात. पेट्रोल लिटरमागे साधारण 750 ग्रॅम भरतं. केटीएमच्या 300 ईएक्ससीच्या 9 लिटरच्या टाकीत पावणेसात किलो झाले. त्यामुळे दोन ब्रोशर शेजारी ठेवून 'ही सहा किलोनं हलकी' म्हणणारा माणूस पुष्कळदा पेट्रोलच मोजत असतो.

आता मुख्य गोष्ट. वायझेड 250 आणि तिची फोर-स्ट्रोक बहीण वायझेड 250 एफ. पहिली 103 किलो, दुसरी 106 च्या आसपास. तीन किलोंचा फरक म्हणजे पाण्याच्या तीन बाटल्या, चालवणाऱ्याच्या पोटावर सहज मावतील. पण एकीवरून उतरून लगेच दुसरीवर बसलात तर फरक तीन किलोंचा वाटत नाही, दहा-बारा किलोंचा वाटतो. का?

दोन्हींची इंजिनं उघडून बघा. टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे सिलिंडरवरचं एक साधं झाकण, मधे प्लग. बास. फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, त्यांना फिरवणारी चेन, आणि हे सगळं इंजिनाच्या अगदी माथ्यावर. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून मनगटानं हलवा, मग लोखंडाजवळ धरून हलवा; हातोडा तोच, त्रास वेगळा. कुठलाही जड भाग गाडी ज्या रेषेभोवती कलते तिच्यापासून जितका लांब, तितका तो कलायला विरोध करतो, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 10 सेंटिमीटरवरचा एक किलो 50 सेंटिमीटरवर नेला तर वजन तेवढंच राहतं, विरोध पंचवीसपट होतो. काट्याला यातलं काहीच कळत नाही. 2010 च्या वायझेड 450 एफमध्ये यामाहानं हेड उलटं फिरवलं आणि टाकी सीटखाली मधोमध सरकवली, ती याच हिशोबानं.

दुसरं कारण क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा. टू-स्ट्रोकमध्ये त्याच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, मधली दीड फेरी क्रँकला साठवलेल्या जोरावर काढावी लागते, म्हणून तो जोर साठवणारं वजन तिथे लागतंच. त्यात 250 एफ तेरा हजार आरपीएमच्या पुढे ओरडते, टू-स्ट्रोकची खरी मजा नऊ हजारांच्या अलीकडे-पलीकडे संपते. वेगात फिरणारी जड गोष्ट आपली दिशा बदलू देत नाही. शिवाय थ्रॉटल सोडला की फोर-स्ट्रोक मागचं चाक धरून ठेवते आणि पुढच्या फोर्कवर भार येतो. टू-स्ट्रोक तशीच घरंगळत कोपऱ्यात शिरते. चालवणारा याला 'हलकी' म्हणतो. खरं तर ती फक्त कमी अडते.

मग हलकं तेवढं चांगलं का? इथेच काट्याचे भक्त तोंडावर पडतात. मोटोक्रॉसची टू-स्ट्रोक जंगलातल्या मुळांवर, ओल्या दगडांवर नेली की ती बंद पडते. रेस थोडी कमी झाली की 'फट्' करून गप्प, थोडी जास्त झाली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. यावर एंड्युरोवाल्यांचा, म्हणजे जंगल-डोंगरातल्या लांब शर्यती करणाऱ्यांचा, जुना तोडगा म्हणजे फ्लायव्हीलला, क्रँकबरोबर फिरून जोर साठवणाऱ्या चाकाला, वजन जोडायचं. डावीकडचं कव्हर काढलं की आपले मेस्त्री ज्याला मॅग्नेट म्हणतात ती वाटी दिसते. तिच्यावर पोलादाची कडी बसवायची, पाव किलो, फार तर थोडी अधिक. काही गाड्यांत कव्हर नीट बसत नाही, तेव्हा खाली जाड गॅसकेट घालावं लागतं. बस्स एवढंच काम. काट्यावर गाडी पाव किलोनं जड झाली. पण किक मारल्यावर आयडलिंग शांत बसतं, चढावर क्लच सोडताना इंजिन हुंदका देत नाही, आणि चाक घसरण्याऐवजी मातीत दात रोवतं. बदल्यात थ्रॉटल पिरगाळताच उसळणारा तो झटका गेला. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर हे दुखतं, डोंगरात कुणाला आठवतही नाही.

टायटॅनियमचे बोल्ट लावून मिळणारा पाव किलो आणि फ्लायव्हीलला जोडलेला पाव किलो काट्यावर एकमेकांना खाऊन टाकतात. गाडी मात्र दुसऱ्यानंच बदलते, पहिल्यानं फक्त पाकीट हलकं होतं.

चाकांचा हिशोब आणखी वेगळा. रिम, टायर, ट्यूब, डिस्क ही वजनं शॉकअपच्या खाली असतात, प्रत्येक दगडाला वरखाली होतात आणि शिवाय फिरतातही. टायरच्या कडेवरचं वजन वेग घेताना जवळजवळ दुपटीनं मोजावं लागतं, कारण ते पुढे ढकलायचं असतं आणि फिरवायचंही. म्हणून जाड हेवी-ड्यूटी ट्यूब किंवा पंक्चर टाळणारा मूस (ट्यूबऐवजी बसवायचं फोमचं कडं) घातला की गाडी लगेच मंद वाटते. तरी दगडाळ भागातले लोक घालतातच; पंक्चर झालेली गाडी ढकलत आणण्यापेक्षा मंद गाडी परवडली. आपल्याकडे त्यात काळी माती. पहिल्या पावसानंतर नाशिक-पुण्याकडच्या कुठल्याही शेतवाटेवर दहा मिनिटं फिरा, मडगार्डखाली आणि स्पोकमध्ये अशी थापली जाते की टायटॅनियमचा सगळा नफा तिथेच फिटतो.

पण काट्यावरचं वजन फालतू आहे असंही नाही. एक जागा आहे जिथे फक्त काटाच बोलतो: गाडी आडवी पडली आणि ती उचलायची, ओढायची वेळ आली तेव्हा. तिथे ना क्रँक फिरतोय ना चाक. इंजिन बंद, तुम्ही चढाच्या मध्यावर, हँडल खालच्या बाजूला, आणि हातात शंभर-सव्वाशे किलो लोखंड.

ऑस्ट्रियातल्या आइझनएर्झच्या लोखंडाच्या खाणीत 1995 पासून एर्झबर्गरोडिओ ही हार्ड एंड्युरोची, म्हणजे अवघड चढ-दगडांवरच्या एंड्युरोची, स्पर्धा होते. तिच्यातल्या शेवटच्या शर्यतीला पाचशे जण सुटतात आणि चार तासांत शेवटपर्यंत पोचणारे फार थोडे. वर्षानुवर्षं तिथे 300 सीसी टू-स्ट्रोकचं राज्य आहे, आणि त्यातलं मोठं कारण हेच की ती गाडी एका माणसाला ओढता येते. गाड्यांच्या पुढे-मागे धरायला पट्टे बांधलेले असतात, ते शोभेचे नाहीत. 2015 मध्ये 'डाउनटाउन' नावाच्या चढावर पुढचे चौघे, ग्रॅहम जार्विस, जॉनी वॉकर, आंद्रेआस लेटेनबिखलर आणि आल्फ्रेडो गोमेझ, अडकून पडले. एकेकाची गाडी चौघांनी मिळून वर ओढली आणि शेवटी चौघांनाही विजेते ठरवलं गेलं. आपल्याकडे सह्याद्रीत एक्सपल्स घेऊन फिरणाऱ्यांना हे सांगायला नको. 150 किलोंवरची गाडी ओढ्यात आडवी झाली की दोन मित्र लागतात, तिसरा फोटो काढतो.

गंमत म्हणजे याच हार्ड एंड्युरोवाल्यांनी सेल्फ-स्टार्टचं वजन हसत पत्करलं. मोटर आणि बॅटरी म्हणजे काही किलो वाढलेच. पण तिरक्या उतारावर एका पायावर लटकून किक मारताना जी दमछाक होते, तिच्यापुढे ते किलो काहीच नाहीत.

ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकता खडकांवरून गाडी नेण्याच्या स्पर्धेत, तर हिशोब पूर्ण उलटा दिसतो. तिथल्या गाड्या जेमतेम सत्तर किलोंच्या आणि बहुतेक टू-स्ट्रोक. तरी स्पेनचा टोनी बोऊ 2007 पासून सलग जगज्जेता होत आला तो मोन्टेसाच्या फोर-स्ट्रोकवर. खडकावर मागच्या चाकाला पकड कशी मिळते याचा हिशोब त्याच्या गाडीनं आणि पायांनी मिळून जमवलाय.

काट्याचं वेड काही आजचं नाही. सत्तरीच्या सुरुवातीला सुझुकीच्या कारखान्यातल्या खास टू-स्ट्रोक इतक्या हलक्या झाल्या की 1973 च्या हंगामात एफआयएमनं, मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, किमान वजनाची अट आणली. सुझुकीला गाडीत वजन मुद्दाम वाढवावं लागलं. त्या वर्षीही 500 सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीच्याच रॉजर डी कोस्टरकडे गेलं.

तेव्हा तुम्ही बाहेरून आलेली जुनी टू-स्ट्रोक बघायला गेलात, तर ब्रोशर घरी ठेवा. आधी गाडी जमिनीवर आडवी करायला सांगा आणि एकट्यानं उचलून बघा. ते काट्यावरचं वजन. मग इंजिन चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश आठचा आकडा काढा, थ्रॉटल अर्धवट धरून, सीटवर न बसता. ते हँडलवर जाणवणारं वजन. आणि मागच्या शॉकअपची स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का ते विचारा. तुम्ही कपड्यांसह बसल्यावर गाडी साधारण 100 ते 105 मिलिमीटर खाली बसायला हवी. 60 किलोच्या पोराची स्प्रिंग 90 किलोच्या माणसाखाली असेल, तर ती मागून दबते, तोंड वर काढते आणि वळायलाच मागत नाही. असला जडपणा बोल्ट बदलून जात नाही.