मिरचीचं बी दिवस मोजत नाही

बियांच्या पाकिटावर छापलेलं असतं, 'उगवण ८ ते १० दिवसांत'. अकराव्या दिवशीही ट्रेमध्ये काही दिसलं नाही की माणूस एक तर पाणी वाढवतो, नाहीतर बियाणं विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. मी दोन्ही केलं आहे. चौदाव्या दिवशी न राहवून काडीने मिरचीचं एक बी उकरून काढलं, तर ते चिमटीत धरताच पिचलं आणि आतून पांढरट चिकट लगदा बाहेर आला. बियाणं चांगलंच होतं. ट्रेमधल्या मातीत थर्मामीटर खुपसून बघायचं मात्र त्या दोन आठवड्यांत मला सुचलं नव्हतं.

वांगं आणि मिरची ही टोमॅटो-बटाट्याच्या कुळातली भावंडं. मिरचीचं माहेर मेक्सिकोच्या परिसरात, वांग्याचं आशियाच्या उष्ण भागात. उबदार हवेत दोन्ही झाडं वर्षानुवर्षं जगू शकतात. थंडीशी त्यांची कधी गाठच पडलेली नसल्याने तिला तोंड देण्याची तयारी त्यांच्या अंगात नाही. जिथे हिवाळा लांबतो तिथे बाहेरची माती तापेपर्यंत थांबलं, तर फळं धरायच्या आत हंगाम आटोपतो. म्हणून लागवडीच्या आधी ८ ते १० आठवडे घरात बी पेरायचं. टोमॅटोला सहा आठवडे पुरतात. ही दोघं त्या मानाने सुस्त.

ही सुस्ती किती, ते जे. एफ. हॅरिंगटन या कॅलिफोर्नियातल्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर मोजून ठेवलं. वेगवेगळ्या तापमानांच्या मातीत भाज्यांचं बी पेरायचं आणि कोंब वर यायला किती दिवस लागतात ते टिपायचं, असं साधं काम. त्यांच्या आकड्यांनुसार मिरचीला १५ अंश सेल्सिअसला २५ दिवस लागतात, २० अंशांना साडेबारा आणि २५ अंशांना ८.४. दहा अंशांना ती उगवतच नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक तापमानातून १० वजा करा आणि उरलेल्या आकड्याला दिवसांनी गुणा. ५ गुणिले २५ म्हणजे १२५. १० गुणिले साडेबारा, पुन्हा १२५. १५ गुणिले ८.४, म्हणजे १२६. पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा आकडेमोडीत चूक झाली असावी असं वाटून मी ते पुन्हा केलं होतं. मिरचीच्या बियाला दहा अंशांच्या वरची अशी साधारण १२५ अंश-दिवसांची ऊब लागते. ती आठवड्यात द्या की महिन्यात द्या, बेरीज तेवढीच. ३० अंशांच्या आसपास मात्र हा हिशोब बिघडतो, कारण तिथे वेग आणखी वाढायचं थांबतं. ३५ ला उगवण जरा मंदावते आणि ४० ला बंद पडते.

वांग्याचं खातं थोडं वेगळं. हॅरिंगटन यांच्याच आकड्यांवरून मांडलं तर वांग्याची सुरुवात १२ अंशांच्या आसपास होते आणि बेरीज शंभराच्या थोडी इकडेतिकडे येते: २० अंशांना १३ दिवस, २५ ला आठ, ३० ला पाचच्या थोडं वर. म्हणजे ऊब मिळाली तर वांगं मिरचीच्या पुढे जातं आणि थंडीत तिच्याही मागे पडतं.

आता घरातल्या खोलीचं बघू. दिवसा २२ अंश, रात्री १६, सरासरी १९. ओल्या मातीवरून पाणी उडतं तेव्हा माती निवते, अगदी माठासारखी, आणि खोलीपेक्षा एक-दोन अंशांनी खालीच राहते. म्हणजे १७ धरा. मिरचीच्या खात्यात रोज ७ जमा, म्हणून १८ दिवस. वांग्याच्या खात्यात ५, म्हणून २०. आपण स्वेटर काढून बसलेलो असतो आणि खोली चांगली उबदार आहे असं समजतो. बियाला त्या खोलीचं काही देणंघेणं नसतं. त्याच ट्रेखाली ऊब देणारी चटई घालून माती २७ अंशांवर नेली, तर दोन्ही आठवड्याभरात वर येतात. ती रात्री बंद ठेवली तरी वांग्याला बाधत नाही. बियाणं तपासायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच वांग्यासाठी १६ तास २० अंश आणि ८ तास ३० अंश असा चढउतार सांगितलेला आहे.

पण एवढ्या दिवसांत आत नेमकं काय चाललेलं असतं? बी पाणी शोषतं ते पहिल्या दिवस-दोन दिवसांतच, आणि थंडीतही शोषतं. अडतं ते पुढे. चपट्या बियात भ्रूण गोल वळून बसलेला असतो आणि त्याच्या मुळाच्या टोकासमोर भ्रूणपोषाची, म्हणजे बियातल्या अन्नसाठ्याच्या थराची, घट्ट टोपी असते. तिच्यातून बाहेर पडण्याइतका जोर त्या मुळात नसतो. म्हणून आतून जिबरेलिन या संप्रेरकाचा सांगावा जातो, विकरं (एन्झाइम) तयार होतात आणि टोपीच्या पेशींच्या भिंती हळूहळू विरघळू लागतात. १९८३ मध्ये वॉटकिन्स आणि कँटलिफ या दोघांनी मिरचीच्या बियांची ही टोपी भेदायला किती जोर लागतो ते यंत्राने मोजलं. २५ अंशांना तो जोर मूळ बाहेर पडायच्या आधीच उतरत गेला. १५ अंशांना टोपी कितीतरी अधिक काळ कडक राहिली. बी आत जिवंत, पाणी पिऊन टम्म, आणि दार उघडत नाही.

दाराबाहेर दुसरं कोणीतरी तिष्ठत असतं. भिजलेल्या बियातून साखर झिरपते. तिच्या मागावर येतं पिथियम, बी कुजवणारा एक सूक्ष्मजीव. त्याला सगळे बुरशी म्हणतात, पण वंशावळीने ते समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या जवळचं आहे. बिचाऱ्या बुरशीच्या नावावर उगाच एक गुन्हा जास्त. १९४७ मध्ये एल. डी. लीच यांनी या रोगाबद्दल एक गोष्ट दाखवून दिली, जी मला सगळ्या बागकामातली सर्वांत उपयोगी माहिती वाटते. नुसत्या रोगाच्या वेगावरून किती बी मरेल ते ठरत नाही. रोगाचा वेग आणि पिकाचा वेग यांच्यातल्या फरकावरून ठरतं. थंडीत वाढणाऱ्या पालकाचं बी उबेत जास्त मरतं आणि उबेत वाढणाऱ्या कलिंगडाचं थंडीत. मिरची-वांगं कलिंगडाच्या गटातली. सतरा अंशांना पिथियम चालता राहतो आणि आपलं बी दारामागे अडकलेलं असतं. वर आपण पाणी वाढवतो, म्हणजे त्याच्या पोहणाऱ्या बीजाणूंना वाट करून देतो. माझ्या चिमटीत पिचलेलं ते बी याच शर्यतीत हरलेलं होतं.

माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली असावी, त्याहून अधिक नको. बी साधारण अर्धा सेंटिमीटर खोल पेरावं. उथळ पडलं तर अंकुर टरफलासकट वर येतो आणि बीजपत्रं, म्हणजे बियातूनच आलेली पहिली दोन पानं, त्या टरफलाच्या टोपीत अडकून बसतात. मातीतून घासत वर यावं लागलं तर टरफल खालीच सुटतं. टोपी अडकलीच तर ओढायची नाही. पाण्याचा थेंब सोडून तासभर मऊ होऊ द्यावी आणि मग बोटाच्या टोकाने हळूच ढकलावी. घाईत मी दोन रोपांची मुंडकी उडवली आहेत.

जाता जाता तिखटाबद्दल. मिरचीचा जाळ बियात नसतो. बिया ज्या पांढऱ्या गराला लटकतात त्यात तो तयार होतो आणि तिथून बियांना लागतो. रानमिरचीत हे तिखट सस्तन प्राण्यांना दूर ठेवतं, कारण ते बी दातांनी चावून मारतात. पक्ष्यांना तिखट लागतच नाही आणि ते बी अख्खं गिळून दूर टाकतात. घरच्या पिकल्या मिरचीचं बी काढणार असाल तर हातमोजे घाला आणि डोळे चोळू नका. घरच्या वांग्यातून नुकतंच काढलेलं बी मात्र लगेच उगवेल अशी खात्री धरू नका. ताज्या बियाला काही आठवडे झोप हवी असते.

मातीतून पहिला कोंब वर येतो तो मान वाकवून, वेताच्या काठीच्या मुठीसारखा. उजेड लागला की तासाभरातच मान सरळ व्हायला लागते. इथे हिशोबाचं चलन बदलतं. आतापर्यंत ऊब जमा होत होती, आता उजेड जमा व्हायला हवा. तीच ऊब आता उलट नडते. फायटोक्रोम नावाचं प्रथिन उजेडात जागं होतं आणि खोडाला लांबण्यापासून आवरून धरतं. २०१६ मध्ये दोन संशोधक-गटांनी मोहरीकुळातल्या एका छोट्या रोपावर दाखवलं की हेच प्रथिन तापमानही ओळखतं: ऊब वाढली की ते पुन्हा निष्क्रिय होतं. म्हणजे अंधाऱ्या खोलीत गरम चटईवर ठेवलेल्या रोपाला दोन्हीकडून एकच निरोप मिळतो, 'लांब हो'. निम्म्याहून जास्त बी वर आलं की चटई काढा आणि माती १८ ते २१ अंशांवर येऊ द्या.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे फार फसवतात. लक्स या उजेडाच्या एककात मोजलं तर भर उन्हात एक लाख असतात, खोलीत खिडकीपासून दोन-तीन पावलं आत आलं की काहीशेच उरतात. आपली बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेतं आणि आपल्याला 'चांगला उजेड' वाटतो. रोपाकडे अशी सोय नाही. तीन-चार दिवसांत ते दोऱ्यासारखं होतं आणि काचेकडे झुकतं. साधी पांढरी एलईडी नळी रोपांच्या शेंड्यापासून वीतभराच्या आत टांगा, दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवा आणि रोप वाढेल तशी वर उचला.

अजून एक फुकटचा उपाय आहे. दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवायचा. १९७३ मध्ये एम. जे. जॅफ यांनी नोंदवलं की वारंवार स्पर्श झालेली रोपं बुटकी राहतात आणि त्यांचं खोड जाड होतं. बाहेर हे काम वारा करतो. तंबाखू ओढणाऱ्याने किंवा मळणाऱ्याने त्याआधी हात साबणाने धुवावेत. तंबाखूचा मोझॅक विषाणू मिरची-वांग्यालाही लागतो आणि सुक्या तंबाखूतही टिकून राहतो.

खरी दोन पानं आली की रोपं मोठ्या कुंड्यांत हलवायची, बीजपत्राला धरून, खोडाला चिमटा न लावता. मग बाहेर जायच्या आधी आठ-दहा दिवस सराव: आधी तासभर सावलीत, मग थोडं ऊन, पानांवरचा मेणचट थर जाड होईपर्यंत.

गेल्या खेपेला हा सराव पुरा झाला होता, ऊन लख्ख होतं, आणि मी वांग्याची चार रोपं उत्साहाने वाफ्यात लावून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारही माना टाकून उभी. माती ओली होती तरीही. थंड मातीत या झाडांची मुळं पुरेसं पाणी ओढू शकत नाहीत. वर पान उन्हात पाणी उडवतं आणि खालून तेवढं येत नाही. सवयीने हात झारीकडे गेला होता. मग थर्मामीटर आणलं आणि सकाळी सातला वाफ्यात खुपसलं: १३ अंश. ट्रेमध्ये उरलेली सगळी रोपं मी परत आत नेली.