एपेंडायमोमाच्या निदानात जागेला एवढे महत्त्व कसे आले?

एपेंडायमोमा ही मेंदूतली आणि मज्जारज्जूतली गाठ, तिथल्या पोकळ्यांच्या अस्तरातून येते असे मानली गेलेली. तिच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या अहवालात) आता गाठीच्या नावातच तिची जागा लिहिलेली असते. हे २०२१ पासूनचे. स्कॅनवरची जागा त्याआधी सर्जनच्या कामाची होती, गाठीच्या जातीशी तिचा संबंध कोणी अधिकृतपणे जोडत नव्हते.

१९१८-१९ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढण्याची पद्धत आली. त्यात गाठ दिसत नसे, हवा कुठे अडली एवढेच दिसे. १९७० च्या दशकात सीटीने गाठ आणि तिच्यातले कॅल्शियम दोन्ही दाखवले. साधारण निम्म्या एपेंडायमोमांत कॅल्शियम सापडते, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवली गेली. पण मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या मागच्या भागातल्या दुसऱ्या गाठीतही ते अधूनमधून असतेच.

खरा फरक एमआरआयच्या उभ्या छेदाने पडला. मेड्युलोब्लास्टोमा बहुधा चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या मागच्या पोकळीच्या) छताकडून वाढतो, एपेंडायमोमा तळाकडून. शिवाय एपेंडायमोमा मऊ असतो आणि ट्यूबमधून पेस्ट यावी तसा व्हेंट्रिकलच्या छिद्रांतून बाहेर सरकतो. बाजूच्या छिद्रातून निघून गिळण्याच्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना वेढा घातला, की गाठ पूर्ण काढणे अवघड होते. मेड्युलोब्लास्टोमात पेशींची दाटी असल्याने तो डिफ्यूजनवर (पाण्याची हालचाल टिपणाऱ्या एमआरआय चित्रावर) जास्त चमकतो, एपेंडायमोमा सहसा तेवढा नाही.

मोठ्या मेंदूतल्या एपेंडायमोमांनी मात्र हे सगळे चित्र बिघडवले. अस्तराची म्हणवणारी ही गाठ अनेकदा पोकळीला चिकटलेलीही नसते. थेट मेंदूच्या पेशीजालात, मोठ्या सिस्टसह (द्रव भरलेल्या पिशवीसह) दिसते. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ग्लायोमा (मेंदूच्या आधार-पेशींची दुसरी गाठ) लिहायचे आणि बायोप्सीत एपेंडायमोमा निघायचा, हा प्रकार कित्येक वर्षे 'अपवाद' म्हणून खपला. २००५ च्या सुमारास संशोधनाने मूळ पेशी अस्तराची नसून रेडियल ग्लियासारखी (गर्भावस्थेतल्या मेंदूच्या मूळ पेशींसारखी) असावी असे दाखवले. २०१५ मध्ये डीएनए मिथायलेशनवरून (डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून) नऊ गट पडले, तेही जागेनुसार.

मग आला वादाचा निर्णय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात एक जनुकीय प्रकार वेगळा काढला होता, तरी 'ॲनाप्लास्टिक' (जास्त आक्रमक) एपेंडायमोमा हे नाव शिल्लक होते. २०२१ मध्ये ते गेले. आधी जागा, मग रेणूंवरून ठरणारा प्रकार, अशी नावे आली. ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक दिसते, २ की ३, हे पॅथॉलॉजिस्टच्या मर्जीवर राहिले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की उपचारांचे जुने अभ्यास ग्रेडवर उभे आहेत आणि मिथायलेशन तपासणी सगळीकडे होत नाही. दुसरा मुद्दा खरा आहे. पहिला तितका टिकत नाही, कारण एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्ट वेगळी ग्रेड देत आणि त्या ग्रेडचा रुग्णाच्या पुढच्या वाटचालीशी मेळ नीट बसत नसे. तपासणीची अडचणही पूर्ण आंधळी गल्ली नाही: मेंदूच्या मागच्या भागातल्या एपेंडायमोमाचे पीएफए आणि पीएफबी असे दोन प्रकार आहेत, त्यातला लहान मुलांमधला पीएफए एका स्वस्त प्रथिन-स्टेनवर ओळखता येतो.

पीएफए बाजूला झुकलेला, पीएफबी मोठ्यांत आणि मधोमध, असा कल एमआरआयवर दिसतो. तरी केवळ चित्रावरून प्रकार लिहून टाकण्याचा उत्साह आवरलेला बरा, दोन्हींची सरमिसळ होते.

रेणू आले तरी गाठ किती काढली हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून ऑपरेशननंतरचा एमआरआय ४८, फार तर ७२ तासांच्या आत करतात. पुढे जखमच कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे औषध) घेऊ लागते आणि उरलेली गाठ तिच्यात हरवते. मणक्याचा एमआरआय मात्र ऑपरेशनआधीच हवा. नंतर खाली उतरलेले रक्त पसरलेल्या गाठीसारखे दिसते, आणि ते निवळेपर्यंत दोन आठवडे थांबावे लागते.