पडत्या संघातले थोर फुटबॉलपटू: निष्ठा किती, नाइलाज किती?

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात, डीपडेल मैदानाच्या बाहेर, पाण्याच्या कुंडात एक पुतळा आहे. पळता पळता घसरत निघालेला एक फुटबॉलपटू आणि त्याच्या दोन्ही अंगांना उसळलेलं पाणी. १९५६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्धच्या सामन्यात टिपलेल्या एका छायाचित्रावरून तो घडवलाय. मैदानात पाण्याची तळी साचली होती, एरवी सामना रद्द व्हावा अशी अवस्था. त्या चिखलपाण्यातून टॉम फिनी बचावपटूंना चुकवत बॉल घेऊन चाललाय आणि पाण्याचा पंखा त्याच्याभोवती उलगडलाय.

या माणसाने इंग्लंडसाठी ७६ सामन्यांत ३० गोल केले. इंग्लंडमधला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू हा किताब दोनदा मिळवणारा तो पहिला खेळाडू, १९५४ आणि १९५७ मध्ये. तरीही लीगचं विजेतेपद त्याला कधी मिळालं नाही आणि एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा, तीही नाही. त्याच्या नावावर मोठा म्हणावा असा करंडक नाही. प्रेस्टन नॉर्थ एंड हा त्याचा गावचा क्लब, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तो तिथेच खेळला. १९६० मध्ये तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी प्रेस्टन दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि तेव्हापासून आजपर्यंत पहिल्या श्रेणीत परतलेला नाही. फिनी एकट्याच्या खांद्यावर केवढं ओझं वाहत होता, हे यातून दिसतं.

असे खेळाडू आठवले की आपण चटकन 'निष्ठा' हा शब्द वापरतो. मोह सोडून आपल्या माणसांत राहिला, असं म्हणतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला फुटबॉलमधल्या करारांचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला १८८५ मध्ये मान्यता मिळाली आणि १८८८ मध्ये लीग सुरू झाली. चांगल्या खेळाडूंना श्रीमंत क्लब पळवून नेतील आणि छोटे क्लब ओस पडतील, ही भीती पहिल्या दिवसापासून होती. त्यावर काढलेला तोडगा विलक्षण कडक होता. खेळाडूची नोंदणी क्लबच्या नावावर असे. करार वर्षाचा असे, पण वर्ष संपलं म्हणून खेळाडू मोकळा होत नसे. हंगाम संपताना क्लब याद्या काढत: हे खेळाडू ठेवणार, हे विकणार, हे सोडणार. 'ठेवणार' यादीत नाव आलं की दुसऱ्या क्लबशी बोलणंच संपलं. नवा करार मान्य नसेल तर खेळाडूने घरी बसावं. पगार बंद, आणि नोंदणी मात्र क्लबकडेच. त्यात १९०१ पासून पगारावर कमाल मर्यादा आली, आठवड्याला ४ पौंड. तुम्ही विजेत्या संघाचे असा की तळाच्या, चार पौंडांच्या वर सरळ मार्गाने काही मिळणार नाही.

या व्यवस्थेत अडकलेल्या पहिल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक म्हणजे डर्बी काउंटीचा स्टीव्ह ब्लूमर. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल. आजच्या कुठल्याही आघाडीपटूला हेवा वाटावा असं हे प्रमाण आहे. लीगमध्ये पाच हंगाम तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. डर्बी मात्र १८९८ आणि १८९९ असे लागोपाठ दोन एफए कप अंतिम सामने हरला. १९०६ मध्ये पैशांची चणचण होती म्हणून क्लबने त्याला मिडल्सब्रोला विकलं आणि १९०७ मध्ये डर्बी खालच्या श्रेणीत गेला. १९१० मध्ये छत्तिशीतला ब्लूमर परत आला आणि १९१२ मध्ये डर्बी पुन्हा वर चढला. एका खेळाडूच्या जाण्यायेण्याशी क्लबचं नशीब इतकं बांधलेलं असू शकतं, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

आता पुन्हा फिनीकडे. वडिलांचा आग्रह होता की आधी प्लंबिंगचं काम पुरतं शिकायचं, मग फुटबॉल. त्याने तसंच केलं. मग युद्ध आलं आणि तो सैन्यात गेला. लीगमधला त्याचा पहिला सामना झाला तेव्हा १९४६ साल उजाडलं होतं आणि तो २४ वर्षांचा होता. पुढे इंग्लंडचा तारा झाल्यावरही प्लंबिंगचा धंदा त्याने चालू ठेवला, कारण फुटबॉलमधून मिळणाऱ्या पैशाला लीगच्या नियमांनीच झाकण होतं.

१९५२ च्या मे महिन्यात इंग्लंडचा संघ इटलीत होता. तिथे सिसिलीतल्या पालेर्मो क्लबचे अध्यक्ष, जे एका जुन्या सरदार घराण्यातले राजपुत्र होते, फिनीला भेटले. करारावर सही केली की १०,००० पौंड, महिन्याला १३० पौंड पगार, वर बोनस, राहायला बंगला, फिरायला गाडी. इंग्लंडमध्ये तेव्हा कमाल पगार आठवड्याला १४ पौंड होता, तोही हंगाम चालू असताना. फिनीने परत येऊन क्लबला विचारलं. विचारावंच लागणार होतं, नोंदणी त्यांच्याकडे होती. क्लबने नकार दिला आणि विषय तिथेच मिटला. त्याने आरडाओरडा केला नाही, पुढची आठ वर्षं तो त्याच पांढऱ्या जर्सीत खेळत राहिला.

फिनीचं प्रेस्टनवर प्रेम होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या माणसाला दार उघडून बाहेर जायची परवानगीच नव्हती, त्याच्या राहण्याला केवळ त्याग म्हणणं मला पटत नाही. त्याच्यावर अन्यायही झाला होता, आणि तो गौरवाच्या शब्दांखाली दडून जाऊ नये.

प्रेस्टन कायम तळाशीच होता असंही नाही. १९४९ मध्ये ते घसरले, १९५१ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेते होऊन वर आले आणि १९५३ मध्ये तर गुण आर्सेनलइतकेच झाले, ५४. गोलांच्या सरासरीवर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या प्रमाणावर, विजेतेपद हुकलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेम्बलीवर, म्हणजे कपचा अंतिम सामना होतो त्या लंडनच्या मैदानावर, स्टॅन्ली मॅथ्यूज या ३८ वर्षांच्या विंगरला अखेर एफए कपचं पदक मिळालं होतं. आधी दोन अंतिम सामने हरलेला मॅथ्यूज, त्याचा ब्लॅकपूल ३-१ असा मागे, आणि तिथून ४-३ असा विजय. बरोबर एका वर्षाने फिनी वेम्बलीवर उतरला तेव्हा सगळ्या देशाला तीच गोष्ट पुन्हा हवी होती. पण त्या दिवशी फिनीचा खेळ जमलाच नाही. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने ३-२ ने कप नेला. एक दिवस जमला म्हणून मॅथ्यूजचं नाव त्या अंतिम सामन्याला कायमचं चिकटलं, आणि एक दिवस न जमल्याने फिनी रिकाम्या हाताने परतला. दोघांच्या कौशल्यात किती फरक होता, यावर त्यांच्या पिढीतली माणसं आयुष्यभर वाद घालत राहिली.

कमाल पगाराची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये गेली. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली होती, म्हणून गेली. त्यानंतर आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला इंग्लिश खेळाडू ठरला फुलहॅमचा जॉनी हेन्स. इंग्लंडचा कर्णधार, लांब पल्ल्याच्या अचूक पाससाठी नावाजलेला. फुलहॅमसाठी तो ६५८ सामने खेळला. १९५८ आणि १९६२ मध्ये संघ एफए कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा फेरसामन्यात हरला. १९६८ मध्ये फुलहॅम दुसऱ्या श्रेणीत गेला, १९६९ मध्ये तिसऱ्या. हेन्सने १९७० मध्ये क्लब सोडला तो तिथूनच. हेन्सची गोष्ट फिनीपेक्षा वेगळी आहे. त्याला निदान त्याच्या कलेचा मोबदला मिळाला होता.

दुसरी बेडी १९६३ मध्ये सैल झाली. न्यूकॅसलने जॉर्ज ईस्टहॅमला सोडायला नकार दिला, तेव्हा तो क्लबपासून दूर झाला आणि काही महिने दुसरी नोकरी करून राहिला. त्याची बदली आर्सेनलला झाली तरी न्यायालयातला खटला चालूच राहिला. न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की खेळाडूला असं अडकवून ठेवणं हा व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर अवाजवी अंकुश आहे. नियम एका रात्रीत गेले नाहीत, पण यानंतर राहणं हा हळूहळू निर्णय होत गेला.

म्हणूनच मॅट ल टिसिएचा विचार वेगळा करावा लागतो. १९८६ ते २००२ तो साउथॅम्प्टनला होता. मोठे क्लब मागे लागले होते, जायला वाट मोकळी होती, आणि तो गेला नाही. १९९३-९४ च्या हंगामात साउथॅम्प्टनने लीगच्या ४२ सामन्यांत ४९ गोल केले आणि त्यातले २५ त्याचे. संघ २२ पैकी अठराव्या स्थानावर राहिला आणि खालच्या श्रेणीत जाण्यापासून एका गुणाने वाचला. प्रीमियर लीगमध्ये शंभर गोल करणारा तो पहिला मिडफिल्डर. क्लबसाठी मारलेल्या ४८ पेनल्टींपैकी ४७ आत, अडली ती फक्त एक.

या निर्णयाची किंमतही त्याने मोजली. इंग्लंडकडून त्याला जेमतेम आठ सामने मिळाले. १९९८ च्या विश्वचषकापूर्वी इंग्लंड 'ब' संघाकडून रशियाविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली, तरी निवड झाली नाही. निवड करणारे गुणतालिकेत वर असलेल्या संघांकडे आधी पाहतात. छोट्या संघातल्या खेळाडूला तेच काम दुप्पट वेळा सिद्ध करावं लागतं. हे आजही बदललेलं नाही.

१९ मे २००१ रोजी साउथॅम्प्टनच्या जुन्या डेल मैदानावर लीगचा शेवटचा सामना होता, समोर आर्सेनल. दुखापतींनी जर्जर झालेला ल टिसिए बदली खेळाडू म्हणून उतरला. ८९ वा मिनिट, २-२ अशी बरोबरी. बॉल त्याच्याकडे आला तेव्हा त्याची पाठ गोलकडे होती. तो वळला आणि डाव्या पायाने, जो त्याचा हुकमी पाय नव्हता, बॉल वरच्या कोपऱ्यात धाडला. त्या मैदानावरचा लीगमधला तो शेवटचा गोल. गुणतालिकेत त्याला इतर कुठल्याही गोलइतकीच किंमत. पण त्या स्टँडमध्ये बसलेल्यांना विचारून पाहा.

ल टिसिए खेळत असतानाच १५ डिसेंबर १९९५ चा बोसमन निकाल आला. ज्याँ-मार्क बोसमन हा बेल्जियमच्या लिएज क्लबचा साधा खेळाडू. करार संपल्यावरही क्लब त्याच्यासाठी पैसे मागत होता आणि त्यात त्याची बदली अडली. युरोपीय न्यायालयाने सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून मर्यादा घालता येणार नाही. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्यायच होता, फिनीला १९५२ मध्ये जो मिळायला हवा होता तो. पण पडत्या संघातला थोर खेळाडू ही जात तेव्हापासून दुर्मिळ होत गेली. आता विशीतल्या मुलाने दोन चांगले हंगाम केले की तो मोठ्या क्लबकडे जातो. १९९५ मध्ये युरोपचा विजेता ठरलेला नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा संघसुद्धा पुढच्या चार-पाच वर्षांत पांगला.

अपवाद उरले. इटलीत उदिनेसेचा अंतोनिओ दी नाताले २००९-१० मध्ये २९ गोलांसह लीगमध्ये अव्वल होता आणि संघ पंधरावा. त्या उन्हाळ्यात युव्हेंटसचं बोलावणं आलं, त्याने ते नाकारलं आणि पुढच्या हंगामात पुन्हा सर्वाधिक गोल केले, या वेळी संघाला चौथ्या स्थानावर नेऊन. इटलीत याचा एक जुना आदर्शही आहे, लुईजी रिवा. सार्डिनिया बेटावरच्या कॅलियारीला तो चिकटून राहिला, युव्हेंटसला नाही म्हणाला आणि १९७० मध्ये त्या क्लबला त्याचं एकमेव विजेतेपद मिळवून दिलं. राहिल्याचं असं फळ फार थोड्यांना मिळतं.

क्लब बदलता येतो, देश बदलणं इतकं सोपं नाही. फिनलंडचा यारी लिटमानेन आयाक्सबरोबर १९९५ मध्ये युरोपचा विजेता झाला. देशासाठी तो १३७ सामने खेळला आणि एकाही मोठ्या स्पर्धेत उतरू शकला नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये हेलसिंकीत हंगेरीला हरवलं असतं तर विश्वचषकाच्या प्लेऑफचं दार उघडलं असतं. १-० अशी आघाडी होती. जादा वेळात एका कॉर्नरनंतर गोलसमोर गोंधळ उडाला आणि बॉल फिनलंडच्याच खेळाडूंना लागत आत गेला. फिनलंड पहिल्यांदा युरो स्पर्धेसाठी पात्र ठरला तो २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, लिटमानेनच्या शेवटच्या सामन्यानंतर नऊ वर्षांनी.

आणि लायबेरियाचा जॉर्ज वेआ. १९९५ चा बॅलन डीओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारा. तो मिळवणारा आफ्रिकेतला आजवरचा एकमेव खेळाडू. मायदेशात यादवी युद्ध पेटलेलं असताना त्याने राष्ट्रीय संघाचा प्रवास आणि कपडे यांचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात नायजेरियाचे १६ गुण झाले, लायबेरियाचे १५, आणि विश्वचषक एका गुणाने हुकला.

सप्टेंबर २०१८ मध्ये वेआची १४ क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त करायचं ठरलं. त्यासाठी मन्रोव्हियात नायजेरियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना ठेवला गेला. वेआ तोपर्यंत देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला होता, वय ५१. तो सुरुवातीपासून मैदानात उतरला, कर्णधाराची पट्टी बांधून. ७९ व्या मिनिटाला तो बाहेर आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. लायबेरिया तो सामना २-१ ने हरला.