इरून

इरून : स्पेनच्या उत्तर भागातील बास्क प्रदेशाच्या गिपुस्कोआ प्रांतातील एक औद्योगिक व दळणवळणाचे शहर. लोकसंख्या सुमारे ६२ हजार. प्रांताची राजधानी सान सेबास्तियान (बास्क नाव दोनोस्तिया) हिच्या खालोखाल ते प्रांतातील दुसरे मोठे शहर असून तिच्या पूर्वेस सुमारे २० किमी. अंतरावर, बिदासोआ नदीच्या डाव्या काठी वसले आहे. नदीपलीकडे फ्रान्समधील आंदाय हे गाव आहे आणि उत्तरेस नदीमुखाशी ओन्दारिबिया हे तटबंदीचे बंदर आहे. नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही; ‘शहर’ या अर्थाच्या प्राचीन बास्क शब्दाशी (इली, इरी) तिचा संबंध जोडला जातो आणि पांप्लोना शहराचे बास्क नाव ‘इरुन्या’ हेही त्याच मुळातले असावे असे मानतात. ते ग्राह्य वाटते; परंतु नावाच्या उत्तरार्धाबद्दल एकमत नाही.

रोमन काळातील ओइआसो हे बंदर म्हणजेच आजचे इरून, हे आता सामान्यतः मान्य झाले असले तरी हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. प्राचीन ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रेबो याने तार्राको (आजचे तारागोना) येथून निघून व्हास्कोन लोकांच्या मुलखातून महासागराकाठच्या ओइआसोपर्यंत जाणाऱ्या २,४०० स्टेडियम (लांबीचे प्राचीन ग्रीक माप) लांबीच्या मार्गाचा उल्लेख केला आहे. प्लिनी आणि टॉलेमी यांच्याकडेही हे नाव थोड्या पाठभेदाने येते. नामसादृश्यावर भर देणारे अभ्यासक हे स्थळ शेजारच्या ओयार्सुन येथे मानीत, तर काहींचा कल ओन्दारिबियाकडे होता. १९६९ पासून इरूनमधील सांता एलेना या छोट्या देवळाखाली झालेल्या उत्खननात रोमन दहनभूमी सापडली आणि १९९२ मध्ये शहराच्या जुन्या भागात लाकडी धक्क्यांचे अवशेष हाती आले, तेव्हा पारडे इरूनकडे झुकले. बंदराच्या भरभराटीचा काळ इ. स. पहिले व दुसरे शतक असा साधारणपणे धरतात. जवळच्या आर्दितुरी येथील खाणींमधील चांदीमिश्रित शिशाची निर्यात हे त्याचे मुख्य प्रयोजन असावे. नाव ओयार्सुनच्या खोऱ्यात टिकले आणि बंदर इरूनला सापडले, या विसंगतीचा उलगडा मात्र केवळ उत्खननाने होत नाही. ओइआसो संग्रहालय २००६ मध्ये सुरू झाले.

मध्ययुगात इरून ओन्दारिबियाच्या अधिकाराखाली होते. त्यातून ते १७६६ मध्ये मुक्त झाले. येथील सान मार्सियाल टेकडीवर १५२२ आणि १८१३ अशा दोन लढाया झाल्या. पहिल्या लढाईच्या स्मरणार्थ दर वर्षी ३० जून रोजी ‘आलार्दे’ हे शस्त्रसंचलन निघते. त्यात स्त्रियांनी सैनिक म्हणून चालावे की नाही यावरून १९९६ पासून शहरात फूट पडली असून पारंपरिक आणि संमिश्र अशी दोन वेगळी संचलने निघू लागली. नदीतील फेझंट बेटावर ७ नोव्हेंबर १६५९ रोजी स्पेन व फ्रान्स यांच्यात पिरेनीजचा तह झाला. हे चिमुकले बेट आजही सहा महिने स्पेनच्या आणि सहा महिने फ्रान्सच्या ताब्यात असते. स्पॅनिश गृहयुद्धात सप्टेंबर १९३६ च्या सुरुवातीस इरून फ्रँकोच्या सैन्याने घेतले. माघार घेणाऱ्यांनी लावलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि उत्तरेकडील प्रजासत्ताकवादी प्रदेशाचा फ्रान्सशी असलेला खुष्कीचा संबंध तुटला. आजच्या शहरात जुन्या वास्तू थोड्या दिसतात त्याचे हे एक कारण होय.

इरूनचे आधुनिक महत्त्व रेल्वेमुळे आहे. अधिक नेमके सांगायचे तर रेल्वे येथे अखंड जाऊ शकत नाही यामुळे आहे. माद्रिदहून येणारा ‘उत्तर’ (नोर्ते) या स्पॅनिश रेल्वे कंपनीचा लोहमार्ग ऑगस्ट १८६४ मध्ये संपूर्ण खुला झाला आणि त्याच वर्षी तो फ्रेंच मार्गाला येऊन भिडला. परंतु दोन्हींच्या रुळांमधील अंतर वेगळे होते. फ्रान्समध्ये ते १,४३५ मिमी., तर स्पेनमध्ये सहा कास्तिलियन फूट म्हणजे सुमारे १,६७२ मिमी. होते (पुढे पोर्तुगालच्या मापाशी मेळ घालून ते १,६६८ मिमी. ठरविण्यात आले). हे रुंद माप फ्रेंच आक्रमणाला अडथळा म्हणून निवडले, ही समजूत स्पेनमध्ये व बाहेरही दृढ आहे. तथापि ज्या अहवालावरून माप ठरले, त्या १८४४ च्या सुबेर्कासे समितीच्या अहवालातील कारणे यांत्रिक स्वरूपाची आहेत : रूळ जितके दूर, तितका चाकांमध्ये मोठा बाष्पित्र (बॉयलर) बसवता येतो, वाफ अधिक मिळते, आणि स्पेनसारख्या डोंगराळ देशातील चढ ओढण्यास ती आवश्यक ठरेल. लष्करी हेतूच्या मताविरुद्ध आणखी एक आक्षेप असा की, रुंद मार्ग अरुंद करणे अरुंद मार्ग रुंद करण्यापेक्षा सोपे असते, कारण लाकडी स्लीपर आधीच पुरेसे लांब असतात व एक रूळ आत सरकवला की काम भागते. म्हणजे आक्रमकाला रोखण्याचे हे साधन फारसे भक्कम नव्हते. त्यामुळे यांत्रिक कारण हेच मूळ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. बाष्पित्र चाकांच्या वर उचलून बसविण्याची पद्धत लवकरच रूढ झाल्याने समितीचा युक्तिवाद काही दशकांतच निरर्थक ठरला, पण तोवर रूळ टाकून झाले होते. (भारतातील ब्रॉडगेज १,६७६ मिमी. आहे, म्हणजे स्पेनच्या मापाहून अवघे ८ मिमी. अधिक.)

या मापबदलामुळे सीमेवर विशिष्ट व्यवस्था निर्माण झाली. नदीवरील पुलावर दोन्ही मापांचे मार्ग असून स्पॅनिश गाड्या आंदायपर्यंत व फ्रेंच गाड्या इरूनपर्यंत जात. फ्रान्सकडे जाणारा प्रवासी आंदायला आणि स्पेनकडे जाणारा इरूनला गाडी बदली. मालाची एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढउतार, किंवा वाघिणीचे आसच बदलणे, या कामांवर दोन्ही गावांतील कित्येक कुटुंबे पोसली गेली. आंदाय स्थानकातच २३ ऑक्टोबर १९४० रोजी हिटलर व फ्रँको यांची भेट झाली. पॅरिस–लिस्बन मार्गावरील सुद एक्स्प्रेस ही १८८७ पासूनची गाडी येथूनच जाई. तिचा उरलेला लिस्बन–आंदाय टप्पा मार्च २०२० मध्ये स्थगित झाला. तालगो कंपनीच्या हलक्या गाड्या १९५० मध्ये माद्रिद–आंदाय मार्गावर धावू लागल्या. चाकांमधील अंतर चालत्या गाडीतच बदलणारी त्यांची यंत्रणा पुढे विकसित झाली, आणि १९८१ पासून पॅरिस–माद्रिद रात्रगाडी प्रवाशांना झोपेतून न उठवता सीमा ओलांडू लागली. (याच कंपनीच्या डब्यांची २०१६ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर चाचणी झाली होती.) याशिवाय सान सेबास्तियान–आंदाय हा मीटरगेज मार्ग १९१२-१३ मध्ये सुरू झाला, बोगद्यांच्या संख्येमुळे त्याला ‘तोपो’ म्हणजे चिचुंद्रीसारखा बिळे करणारा प्राणी असे नाव पडले असून तो आता युस्कोत्रेन ही बास्क रेल्वे कंपनी चालवते. एकाच शहरात तीन मापांचे रूळ असण्याचा हा प्रकार विरळा होय. बिदासोआच्या खोऱ्यातून एलिसोन्दोकडे जाणारा छोटा लोहमार्ग १९५६ मध्ये बंद झाला.

रस्त्यांच्या बाबतीत माद्रिद–इरून हा राष्ट्रीय मार्ग क्र. १ आणि किनाऱ्यालगतचा एपी-८ द्रुतगती मार्ग महत्त्वाचे आहेत. सान सेबास्तियानचा म्हणून ओळखला जाणारा विमानतळ प्रत्यक्षात ओन्दारिबियाच्या हद्दीत आहे.

उद्योगांमध्ये रेल्वेचे डबे बनविणाऱ्या काफ कंपनीचा कारखाना प्रमुख असून एल्गोरियागा चॉकलेटसाठीही शहर प्रसिद्ध होते. तथापि ‘औद्योगिक शहर’ हे वर्णन काहीसे अपुरे आहे, कारण रोजगाराचा मोठा वाटा सीमाशुल्काची कागदपत्रे करणारे दलाल, गोदामे आणि मालवाहतूक यांचा होता. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपीय एकल बाजारपेठ अस्तित्वात आली, अंतर्गत जकात संपली आणि यांपैकी बहुतेक पेढ्यांचे कामच नाहीसे झाले.

शहराच्या आकाराच्या मानाने त्याचा फुटबॉलमधील वारसा असाधारण आहे. रेआल उनियोन हा क्लब १९१५ मध्ये इरून स्पोर्टिंग व रासिंग दे इरून यांच्या विलीनीकरणाने निर्माण झाला. त्याने स्पेनचा राष्ट्रीय चषक (कोपा) १९१८, १९२४ व १९२७ मध्ये जिंकला. पैकी पहिल्या दोन अंतिम सामन्यांत माद्रिदचा क्लब पराभूत झाला. रासिंगने १९१३ मध्ये मिळविलेला चषक जमेस धरून क्लब स्वतःची विजेतेपदे ४ मोजतो. त्या वर्षी दोन प्रतिस्पर्धी संघटनांनी दोन वेगळे चषक भरविले होते, हा त्यातील आणखी एक गुंता. १९१३ चा चषक पूर्ववर्ती क्लबाच्या नावे ठेवून रेआल उनियोनची संख्या ३ धरणे अधिक काटेकोर ठरेल.

स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना २८ ऑगस्ट १९२० रोजी ऑलिंपिक स्पर्धेत डेन्मार्कविरुद्ध झाला व त्यातील एकमेव गोल इरूनच्या पात्रिसियो याने केला. त्याच स्पर्धेत रेआल उनियोनचा रने पेती हा फ्रान्सकडून खेळला. तो पुढे अभियंता म्हणून येसा धरणाच्या कामात होता. गाम्बोरेना आणि लुईस रेगेइरो हे क्लबाचे अन्य नामवंत खेळाडू. १९२९ मध्ये पहिली लीग सुरू झाली तेव्हा दहा संस्थापक संघांत रेआल उनियोन होता, परंतु १९३२ मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला व पुन्हा वर आला नाही. व्यावसायिकता आल्यावर मोठ्या शहरांचे क्लब खेळाडू उचलू लागले; रेगेइरो १९३१ मध्येच माद्रिदला गेला होता. क्लबाच्या मैदानाला सुगंधी द्रव्यांचे उत्पादक साल्वादोर एचेआन्दिया गाल यांचे नाव आहे. तिसऱ्या श्रेणीत असताना २००८ मध्ये या संघाने रेआल माद्रिदला कोपातून बाहेर काढले (३–२ व ३–४; परक्या मैदानावरील गोलांच्या आधारे). १९२० च्या दशकातील गोलरक्षक आंतोनियो एमेरी याचा नातू, प्रशिक्षक उनाय एमेरी, याच्या कुटुंबाने २०२१ मध्ये क्लबाची मालकी घेतली.

हँडबॉलमध्ये येथील बिदासोआ संघाने १९९५ मध्ये युरोपीय चषक जिंकला.