ऑकिंड्रेन

ऑकिंड्रेन ही पश्चिम स्कॉटलंडच्या आर्गाइल भागातील जुनी शेतवाडी. ती इन्व्हरेरी गावाच्या नैर्ऋत्येस सुमारे 10 किमी अंतरावर आहे. जमीन आर्गाइलच्या ड्यूकची. अनेक कुळे ती सामाईक खंडाने कसत. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, अशा वाड्या एके काळी जागोजाग होत्या. त्यांपैकी घरे-गोठ्यांसह इतकी शाबूत राहिलेली वाडी विरळाच.

शेती ‘रन-रिग’ पद्धतीची होती. शिवाराचे लांबट पट्टे कुळांत वाटले जात. चांगली जमीन एकाच्याच पदरात पडू नये, हा त्यामागचा हेतू. ओट, बार्ली आणि बटाटा पोटापुरते पिके. रोख पैसा गुरे विकून येई. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी सामाईक वहिवाट मोडली आणि मेंढ्यांसाठी कित्येक वाड्या उठवल्या. 1789 मध्ये ऑकिंड्रेनचीही मोजणी होऊन फेरआखणी सुचवली गेली, पण ती पूर्णपणे अमलात आली नाही. त्यामुळेच इमारतींची विखुरलेली मांडणी टिकली. 1875 मध्ये राणी व्हिक्टोरियाने वाडी पाहिली.

इथल्या वास्तूंचे खरे वैशिष्ट्य त्यांच्यात होत गेलेल्या फेरफारांत आहे. लांबट दगडी घरात एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला गुरे. गोठा उताराच्या बाजूला असे, म्हणजे शेणमूत घराकडे न येता बाहेर वाहून जाई. छपराचा भार कमानीसारख्या वाकड्या लाकडी जोड्या पेलत. खळ्याच्या कोठाराला समोरासमोर दोन दारे. दोन्ही उघडली की आरपार वाऱ्यात धान्य उपणता येई. पुढे जमिनीवरच्या चुलीऐवजी भिंतीत धुराडे आले, माणसांचे दार गुरांच्या दारापासून वेगळे झाले, आणि दरवर्षीच्या शाकारणीतून सुटका करणारा नालीदार पत्रा चढला. पत्र्याला कमअस्सल मानणे चुकीचे ठरेल. कुळांनी स्वतःच्या सोयीने केलेला तो बदल आहे आणि वाडीच्या इतिहासात त्याला गवती छपराइतकेच स्थान आहे.

1960च्या दशकात शेवटचे कूळ निघून गेले. 1968 मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले. आज काही इमारतींवर गवत, तर काहींवर पत्रा दिसतो.