ग्श्टाड आणि सानेन: नाव एकाचं, कारभार दुसऱ्याचा

स्वित्झर्लंडमधल्या गेमाइंडेंच्या यादीत ग्श्टाड शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथलं पॅलेस हॉटेल, टेनिसची स्पर्धा, बर्फात सुट्टी घालवणारे नट आणि राजघराणी हे सगळं जगाला ठाऊक आहे. तरी कागदोपत्री ग्श्टाड म्हणजे बर्न कँटनमधल्या (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडचं घटकराज्य) सानेन या गेमाइंडेतलं एक गाव. गेमाइंडे ही साधारण आपल्या गट ग्रामपंचायतीसारखी संस्था, फक्त अधिकारांनी कितीतरी भारी. प्राप्तिकराचा स्थानिक दर ठरवणं, बांधकामाचे नियम करणं, नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घेणं ही कामंही तिच्याकडे असतात.

घोटाळा वाढतो तो सानेन नावाचं गावही असल्यामुळे. ते ग्श्टाडपासून जेमतेम ३ किलोमीटरवर आहे. दोन्ही गावं साने नदीच्या खोऱ्यात, साधारण १,००० मीटर उंचीवर. शिवाय शोनरीड, सानेनमोझर अशी इतर गावं आणि वाड्याही याच गेमाइंडेत येतात. आबलेंडशेन ही वाडी तर डोंगरापलीकडे आहे आणि तिथे जाण्याचा सोयीचा रस्ता शेजारच्या फ्रिबूर कँटनमधून जातो. एवढा सगळा पसारा सुमारे १२० चौरस किलोमीटरचा, वस्ती ७,००० च्या आसपास.

जुनं आणि मानाचं गाव सानेन. सेंट मॉरिशसचं भित्तिचित्रांनी भरलेलं पंधराव्या शतकातलं चर्च तिथेच आहे. हा मुलूख ग्रुयेरच्या सरदारांचा होता. शेवटचा सरदार मिशेल कर्जात बुडाला आणि १५५५ मध्ये बर्न आणि फ्रिबूर या सावकारांनी त्याची जहागीर वाटून घेतली. सानेन बर्नकडे गेलं आणि पाठोपाठ प्रोटेस्टंट झालं. पश्चिमेला लागूनच असलेलं रूजमाँ गाव फ्रेंच बोलतं, सानेन जर्मन बोलतं. भाषेची सीमा या दोघांच्या मधून जाते.

ग्श्टाड त्या मानाने वाटेवरचा थांबा. दऱ्यांचे रस्ते जिथे एकत्र येतात तिथली वस्ती. १८९८ मध्ये आगीने ती बरीचशी भस्मसात केली. गाव पुन्हा उभं राहत होतं त्याच सुमारास, १९०४ च्या अखेरीस, जिनिव्हा सरोवराकाठच्या माँट्रो शहराकडून येणारी अरुंद रुळांची रेल्वे पोहोचली आणि पारडं फिरलं. १९१३ मध्ये पॅलेस उघडलं, १९१५ मध्ये टेनिस सुरू झालं. माझ्या मते ग्श्टाडचं नशीब श्रीमंतांनी घडवलं असं म्हणण्यापेक्षा रेल्वेने घडवलं असं म्हणणं जास्त खरं.

पुढे तर दोन्ही नावांची सरमिसळच झाली. व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूइन यांनी १९५७ मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव ग्श्टाडच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या मैफली सुरुवातीपासून सानेनच्या चर्चमध्ये होत आल्या. जे. कृष्णमूर्तींचं उलट. १९६१ ते १९८५ या काळातल्या त्यांच्या उन्हाळी व्याख्यानांना ‘सानेन’ची व्याख्यानं म्हणतात, ते स्वतः बरीच वर्षं उतरत ते ग्श्टाडच्या टानेग नावाच्या शालेमध्ये (शाले म्हणजे डोंगरातलं लाकडी घर). आपल्याकडच्या शेळीपालकांना सानेन हे नाव माहीत आहे ते भरपूर दूध देणाऱ्या पांढऱ्याशुभ्र शेळीमुळे. ती मूळची याच खोऱ्यातली.

पर्यटन म्हणजे ग्श्टाड आणि शेती म्हणजे सानेन, अशी वाटणी अनेकजण करतात. ती चुकीची आहे. पॅलेसच्या आसपासच्या उतारांवरही गुरं चरतात, आणि ती पर्यटकांसाठी मांडलेली सजावट नव्हे. स्वित्झर्लंडच्या शेतजमीन कायद्यानुसार अशी जमीन सहसा स्वतः कसणाऱ्यालाच विकत घेता येते, त्यामुळे अब्जाधीशाला शाले घेता आलं तरी शेजारचं कुरण घेणं सोपं नाही. डोंगरातल्या शेतीला सरकारी अनुदानही मिळतं. शेतकरी उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर नेतात, तिथेच चीज करतात. ते वर्षानुवर्षं मुरवून कडक झालं की रंध्याने पातळ पापुद्रे काढून खातात. हिवाळ्यात यांच्यापैकी कितीतरी जण स्कीच्या लिफ्टवर कामाला असतात.

खरा ताण घरांचा आहे. २०१२ च्या सार्वमतानंतर, ज्या गेमाइंडेत सुट्टीपुरती घरं २० टक्क्यांहून जास्त आहेत तिथे अशी नवी घरं बांधण्यावर कडक निर्बंध आले. सानेन ती मर्यादा केव्हाच ओलांडून बसलं होतं. ग्श्टाडच्या नावामुळे चढलेले भाव साऱ्या खोऱ्यात लागू होतात आणि स्थानिक पोरांना राहण्यापुरतं घर परवडत नाही; त्यावर उपाय शोधायचा तो सानेनच्या गेमाइंडेने.

जायचं असेल तर लक्षात ठेवा: माँट्रोकडून येताना रूजमाँ, सानेन, ग्श्टाड, शोनरीड अशी स्थानकं लागतात. पत्त्यात पिनकोड ३७९२ असेल तर सानेनला उतरा, ३७८० असेल तर पुढे ग्श्टाडला. विमानतळाच्या नावात ग्श्टाड असलं तरी धावपट्टी सानेनच्या शिवारात आहे.