मेंदूज्वर: नाव एक, किडे दोन

नागपुरात डासांचा ताप म्हटला की आधी कूलर आठवतो. पावसाळा लागला तरी टाकीतलं पाणी तसंच राहतं आणि त्यात एडिस डासाच्या अळ्या वळवळत असतात. डेंग्यू, चिकनगुनिया तिथूनच येतात.

१९६५ साली या दोन्ही तापांची साथ शहरात होती. त्या वेळी दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला आणि जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचं नाव त्याला मिळालं. मग बरीच वर्षं तो विस्मरणातच गेला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली, आणि हे नाव पुन्हा निघालं. कारण हाच विषाणू की मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला बिघाड, यावर तज्ज्ञांत वाद झाला. पुढे विदर्भातही हा विषाणू मुलांमध्ये आढळला. संध्याकाळी ताप, रात्री झटके, सकाळी बेशुद्धी. बऱ्याचदा एक-दोन दिवसांत सगळं संपतं.

खरा गुंता ‘मेंदूज्वर’ या शब्दाचा आहे. भंडारा, गोंदियाच्या धानपट्ट्यातून किंवा छत्तीसगड, मध्य प्रदेशाच्या सीमेवरून नागपूरला आणलेल्या मुलाच्या आजाराला, तो जपानी मेंदूज्वर असो की चांदीपुरा, घरचे हेच नाव सांगतात, बातमीतही तेच छापून येतं. पण जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स डास धानाच्या बांध्यांत साचलेल्या पाण्यात वाढतो. विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो. चांदीपुरा मुख्यतः वालुमाशी पसरवते. ती डासाहून कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरणारी. मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्यातल्या ओलसर, शेणट मातीत तिचा मुक्काम असतो. तिथे धानाच्या बांध्या धुंडाळून काही हाती लागत नाही; भेगा लिंपाव्या लागतात, घरात आणि गोठ्यात भिंतींवर फवारणी करावी लागते. माझ्या मते तपासणीचा अहवाल येईपर्यंत ‘मेंदूज्वर’ न लिहिता नुसती लक्षणं लिहिलेली बरी. एकदा नाव चिकटलं की फवारणीचं यंत्र त्याच्याच मागे जातं.

लसीचंही तसंच. जपानी मेंदूज्वराची लस आहे, विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मुलांना ती दिलीही जाते. चांदीपुराची लस नाही. पण कार्डावर ‘मेंदूज्वर’ वाचलेल्या आईला आपलं लेकरू दोन्हींपासून सुरक्षित आहे असंच वाटतं.